दिव्याखालचा हिशेब

पंक्तीला बसलें म्हणजे वादास कांहीं तरी विषय लागतो. एके काळीं तो आणीबाणीचा होता, पुढें एन्रॉनचा झाला, आणि आतां हवामान-बदलाचा झाला आहे. सुटीला चार घरचीं माणसें एकत्र जमलीं कीं तीन पक्ष पडतात. थोरली मंडळी म्हणतात, ‘सारा दोष आजच्या चैनीचा, गरजा कमी करा म्हणजे सर्व ठीक होईल.’ अर्थशास्त्र शिकलेले चिरंजीव म्हणतात, ‘उपदेशानें कोणी सुधारत नाहीं, धुरावर कर बसवा, म्हणजे लोक ताळ्यावर येतील.’ आणि अभियंता झालेली पुतणी म्हणते, ‘संयमानें आगगाड्या चालत नाहींत, अणुवीज घ्या आणि मोकळे व्हा.’ तिघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच जेवण संपलें तरी वाद संपत नाहीं. परंतु तिघांकडूनही एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. दिवा आपल्या घरांत लागतो. त्याची किंमत कोणाच्या घरीं भरली जाते? आमच्या मतें या प्रश्नाचें उत्तर शोधल्याखेरीज तिन्ही पक्षांचें म्हणणें अपुरें आहे.

हा प्रश्न आम्हांस सुचण्यास आमचें राहण्याचें ठिकाणच कारण झालें आहे. आम्ही राहतों ती पाली रत्नागिरी तालुक्यांतील होय. बल्लाळेश्वराची पाली निराळी, ती रायगड जिल्ह्यांत आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि आंबा घाट चढून कोल्हापुराकडे जाणारा रस्ता आमच्या गांवीं एकमेकांपासून फुटतात. येथून जिल्ह्यावर दृष्टि फिरविली असतां एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. वीज उत्पन्न करण्याच्या ज्या मोठ्या रीतींवरून जगभर वाद चालला आहे, त्यांपैकीं चार या एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत, कोठें चालू, कोठें रखडलेल्या, तर कोठें नुसत्या संकल्पिलेल्या अशा पाहावयास मिळतात.

पहिली रीत पाण्याची. सातारा जिल्ह्यांतील कोयनेचें अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें कोंकणांत उतरवितात आणि चिपळूण तालुक्यांत पोफळीस त्यावर जनित्रें फिरवितात. कोयना प्रकल्पाची एकंदर शक्ति १,९६० मेगावॅट आहे. दुसरी रीत वायूची. गुहागर तालुक्यांत अंजनवेलीस ‘दाभोळ’ या नांवानें गाजलेला प्रकल्प आहे. तिसरी कोळशाची. जयगडास समुद्रकांठीं १,२०० मेगावॅटचें केंद्र असून त्याचा कोळसा परदेशांतून जहाजानें येतो. चौथी अणूची. राजापूर तालुक्यांत जैतापुराजवळ, माडबनच्या सड्यावर, प्रत्येकीं १,७३० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एकंदर १०,३८० मेगावॅटचें केंद्र उभारण्याचा बेत आहे. परंतु अद्याप एकाही भट्टीचा पाया पडलेला नाहीं.

आतां या चौघींची किंमत पाहा. कोयनेच्या जलाशयांत ज्यांचीं घरेंदारें बुडालीं, त्यांतील पुष्कळांस पुनर्वसनासाठीं पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहावी लागली. अंजनवेलीची वीज इतकी महाग पडली कीं, सन १९९९ मध्यें सुरू झालेला तिचा पहिला टप्पा सन २००१ मध्यें बंद पडला. मूळ अमेरिकन कंपनी त्याच वर्षाच्या अखेरीस दिवाळखोरींत गेली, आणि ओझें येऊन पडलें तें येथील बँकांच्या व सरकारी तिजोरीच्या माथीं. जयगडच्या धुराबद्दल आंबा बागायतदारांनीं न्यायालयापर्यंत दाद मागितली. जैतापुरास तर वीज निघण्याच्या आधींच रक्त सांडलें. १८ एप्रिल २०११ रोजीं साखरी नाटे येथें पोलिसांच्या गोळीबारांत एक मच्छिमार मृत्युमुखीं पडला. विजेच्या बिलावर इंधन-आकार असतो, वहन-आकार असतो. परंतु वर सांगितलेल्यांपैकीं एकही रक्कम त्यावर छापलेली आढळत नाहीं.

या सर्वांवर आणखी एक रक्कम आहे, आणि ती सर्वांत मोठी आहे. ती म्हणजे हवेची. कोळसा, तेल आणि वायु जाळल्यानें जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यास आम्ही येथें सोईसाठीं कर्बवायु म्हणूं. तो वाढल्यास पृथ्वी तापेल असें गणित स्वीडनच्या अर्‍हेनियस या शास्त्रज्ञानें सन १८९६ मध्येंच मांडलें होतें. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. मोजणी सुरू झाल्यापासून सर्वांत उष्ण असें वर्ष २०२४ हें ठरलें. हवा एक अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प मावतें, आणि तें जेव्हां खालीं येतें तेव्हां एकदम कोसळतें.

कोंकणास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ किनाऱ्याकांठानें गेलें, आणि २२ जुलैस चिपळूण शहर पाण्याखालीं गेलें. चिपळुणास पूर पूर्वींही येत असत; सन २००५ मध्यें मोठा आला होता. तेव्हां अमुक एक पूर केवळ हवामान-बदलानेंच आला असें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं. परंतु फांसे आतां पूर्वींसारखे पडत नाहींत, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं. हापुसाच्या मोहोराला वेळेवर थंडी लागते, आणि मोहोर आल्यावर कोरडी हवा लागते. थंडी लांबली किंवा अवकाळी पाऊस पडला, म्हणजे बागायतदाराचें वर्ष गेलें. त्यानें कोणता कर चुकविला होता?

येथवर रोगाचें वर्णन झालें. आतां तिन्ही वैद्यांच्या औषधांचा क्रमानें विचार करूं.

प्रथम संयमपक्ष. त्याचें म्हणणें जुन्या वळणाचें वाटलें तरी त्यास आंकड्यांचा आधार आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका टाकींत १४.२ किलो इंधन असतें. तें जळून सुमारें ४२ किलो कर्बवायु निघतो. एक लिटर पेट्रोलापासून सुमारें २.३ किलो निघतो. आपल्या देशांत पुष्कळशी वीज कोळशाची असल्यामुळें एका युनिटामागें सरासरी सुमारें ७०० ग्रॅम निघतो. दीड टनी वातानुकूलन यंत्र रात्रभर चालविलें कीं आठदहा युनिटें सहज जातात, म्हणजे सहासात किलो कर्बवायु एका खोलीच्या एका रात्रीच्या झोपेखातर! जुना छताचा पंखा सुमारें ७५ वॅट घेतो. नव्या पद्धतीचा त्याच्या निम्म्याहून कमी घेतो.

आणि येथें आमच्या कोंकणच्या जुन्या घराची आठवण करून देणें अवश्य वाटतें. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, कौलारू उतरतें छप्पर, पुढें पडवी, मागें परसांत फणस व माड: हें घर वैशाखांतही तापत नसे. आज तेंच पाडून सिमेंटची गच्ची घालावयाची, परसांतील झाडें तोडून फरशी घालावयाची, आणि मग उकडतें म्हणून यंत्र आणावयाचें, याला प्रगति म्हणण्याची पद्धत पडली आहे. एकत्र कुटुंबांत एका चुलीवर, एका शीतकपाटांत आठदहा माणसांचें भागत असे. तीन बिऱ्हाडें झालीं कीं तीन शीतकपाटें आलीं. वेगळें राहण्यास सबळ कारणें असतात हें आम्ही जाणतों. परंतु त्याचा खर्च केवळ भाड्यापुरताच नसतो, हेंही जाणलें पाहिजे.

मात्र संयमपक्षास आमचें दोन ठिकाणीं सांगणें आहे. पहिलें असें कीं, उपदेश कोणास करावयाचा याचें तारतम्य हवें. भारतांत दर माणशीं वर्षास सुमारें २ टन कर्बवायु निघतो. जगाची सरासरी ५ टनांच्या थोडी आंत आहे, आणि अमेरिकेची सुमारें १४ टन. ही २ टनांची सरासरी मोठी फसवी आहे. तिच्यांत नाट्याची मासळी विकणारी बाईही आहे, आणि दोन मोटारी व चार वातानुकूलित खोल्या बाळगणारा गृहस्थही आहे. आपला दोष तिच्या दारिद्र्याच्या आड लपविणें हें सुशिक्षितांस शोभत नाहीं. जिच्या घरीं एकच दिवा आहे तिला दिवा मालव म्हणून सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं. दुसरें असें कीं, सर्व घरांनीं चैन सोडली तरी पोलाद, सिमेंट आणि खतें यांच्या भट्ट्या चालूच राहतील. संयम ही सुरुवात आहे. तेवढ्यानें काम पुरें होत नाहीं.

म्हणून दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे करपक्षाकडे वळलें पाहिजे. त्याचें तत्त्व सोपें आहे. जो हवा बिघडवितो त्यानें बिघडविण्याची किंमत द्यावी. मग कारखानदार व गृहस्थ दोघेही आपण होऊन काटकसरीच्या वाटा शोधूं लागतील. फिनलंडनें असा कर सन १९९० मध्यें व स्वीडननें सन १९९१ मध्यें बसविला, आणि त्या देशांची भरभराट त्यामुळें थांबली नाहीं.

परंतु कराची गोष्ट दिसते तितकी सरळ नसते. सन २०१८ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समध्यें इंधनावरील करवाढीविरुद्ध पिवळीं जाकिटें घालून लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारास ती वाढ सोडून द्यावी लागली. खेड्यांत राहून रोज मोटारीनें कामावर जाणारा मनुष्य चिडला तो उगाच नव्हे. त्याच्याजवळ दुसरें वाहनच नव्हतें. कॅनडानें सन २०१९ पासून इंधनावर कर घेऊन त्याचा मोठा भाग कुटुंबांस परत देण्याची पद्धति घातली. तरी लोकांस दिलेलें तेवढें आठवलें, परत मिळालेलें आठवलें नाहीं, आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील तो कर बंद झाला.

आपल्या देशानेंही हा प्रयोग केला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सन २०१० मध्यें कोळशाच्या प्रत्येक टनावर ५० रुपये अधिभार बसविण्यांत आला. तो वाढत वाढत सन २०१६ मध्यें ४०० रुपयांवर गेला. एका युनिटास साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो असें धरलें, तर हा अधिभार युनिटामागें पाव रुपया पडे. स्वच्छ ऊर्जेसाठीं म्हणून काढलेल्या या पैशाचा मोठा भाग त्या कामीं खर्च झाला नाहीं. सन २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर आल्यावर तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळविण्यांत आला. सप्टेंबर २०२५ मध्यें तो अधिभार काढून टाकून कोळशावरील वस्तु व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यांत आला. म्हणजे कर राहिला, परंतु त्याच्या कपाळावरचें नांव पुसलें गेलें.

कालिदासानें रघुवंशांत दिलीप राजाच्या करवसुलीस सूर्याची उपमा दिली आहे, कारण सूर्य घेतो त्याहून अधिक परत करतो. कार्बन-कराची कसोटी आमच्या मतें हीच असावी. एक उदाहरण घेऊं. समजा, गांवांत दोन घरें आहेत. एक महिन्यास ४० युनिटें वापरतें आणि दुसरें ३६०. युनिटामागें पाव रुपया कर घेतला, तर पहिल्याकडून १० व दुसऱ्याकडून ९० रुपये येतील. या १०० रुपयांची दोन्ही घरांत निम्मेनिम वांटणी केली, तर पहिल्या घरास ४० रुपयांचा लाभ होतो आणि दुसऱ्यास ४० रुपयांची खोट येते. कर गरिबावर बसतो हा आक्षेप अशा रीतीनें निघून जातो, आणि काटकसर करणारास महिन्याच्या महिन्यास बक्षीस मिळतें. स्वित्झर्लंडांत सन २००८ पासून घर तापविण्याच्या इंधनावर असा कर आहे, आणि त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग लोकांस व उद्योगांस परत दिला जातो. आणखी एक कारण आहे. युरोपीय संघानें १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम इत्यादि मालावर त्याच्या धुराच्या प्रमाणांत आकार घेण्याची पद्धति अमलांत आणली आहे. आपल्या धुरावरचा कर आपण घेतला नाहीं, तर तो परका घेईल आणि त्याच्या खजिन्यांत भरील.

आतां तिसरा पक्ष अणूचा. या विषयावर आमच्या जिल्ह्यांत शांतपणें बोलणें कठीण झालें आहे, म्हणून आम्ही दोन्ही बाजू मांडतों.

अणूच्या बाजूनें पहिली गोष्ट ही कीं, एका युनिटामागें, खाणीपासून केंद्र मोडेपर्यंतचा सर्व हिशेब धरून, कोळशाचा कर्बवायु सुमारें ८२० ग्रॅम तर अणूचा सुमारें १२ ग्रॅम येतो. वाऱ्याच्या विजेचाही जवळजवळ तितकाच येतो. दुसरी ही कीं, अणुभट्टी रात्रीं चालते आणि आषाढांतही चालते. आमच्या कोंकणांत चार महिने सूर्य ढगाआड असतो, हें विसरून चालत नाहीं. तिसरी ही कीं, हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्यें पेटली, आणि तारापूरच्या केंद्रांतून सन १९६९ पासून वीज मिळूं लागली. तरीही आज देशाच्या विजेंत अणूचा वांटा सुमारें ३ टक्केच आहे, आणि कोळशाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास. सरकारनें सन २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज करण्याचें योजिलें आहे. आजची शक्ति ९ गिगावॅटांच्या आसपास आहे. जर्मनीनें १५ एप्रिल २०२३ रोजीं आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, परंतु तेथील कोळशाचीं सर्व केंद्रें मात्र त्याबरोबर बंद झालीं नाहींत.

विरुद्ध बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानें व सागरी लाटेनें फुकुशिमास जें घडलें, तें शिस्तीच्या व श्रीमंत देशांत घडलें. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या पिढीच्या घराघरांत सांगितला गेलेला असल्यामुळें भीतीस वेडगळपणा म्हणणें बरोबर नाहीं. पैशाचा प्रश्न तर त्याहून बिकट आहे. जैतापुरास ज्या जातीची भट्टी बसवावयाची, तशीच फ्रान्सनें फ्लामांव्हिल येथें सन २००७ मध्यें बांधावयास घेतली. ती सन २०१२ मध्यें पुरी व्हावयाची होती. वीजजाळ्यास जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्यें, आणि मूळ ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढें गेला. फिनलंडांतील तशीच भट्टी सन २००५ मध्यें सुरू होऊन सन २०२३ मध्यें नियमित वीज देऊं लागली. अंजनवेलीचा धडा शिकलेल्या जिल्ह्यानें वीज कोणत्या दरानें मिळणार हें आधीं विचारलें, तर तो विकासाचा शत्रु ठरत नाहीं.

राहतां राहिला माणसांचा प्रश्न. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गांवांकडील सुमारें ९३८ हेक्टर जमीन या प्रकल्पासाठीं घेण्यांत आली. सडा म्हणजे ओसाड खडक, असें कागदावर सहज लिहितां येतें. परंतु पावसाळ्यांत त्याच सड्यावर गुरें चरतात, आणि मातीच्या पातळ थरांतही कांहीं पिकतें. साखरी नाट्याच्या मच्छिमाराची तर सातबाऱ्यावर एक गुंठाही जमीन नसते. त्याची शेती समुद्रांत. भट्टीचें ऊन पाणी समुद्रांत सोडलें कीं मासे दूर जातील ही त्याची शंका. नुकसानभरपाई जमिनीची मिळते, समुद्राची कोण देणार? डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें नवा कायदा करून अणुविजेचें क्षेत्र खाजगी कंपन्यांस खुलें केलें. त्यामुळें अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची व किती, हा प्रश्न पूर्वींपेक्षां अधिक स्पष्टपणें विचारला पाहिजे.

आमचें मत स्पष्ट सांगावयाचें तर असें. अणुवीज वर्ज्य मानूं नये, आणि तिची पूजाही बांधूं नये. करारापूर्वीं युनिटाचा दर जाहीर व्हावा, आणि सूर्याची वीज विद्युत्‌घटांत सांठवून देण्यास जो खर्च येतो त्याच्याशीं तो ताडून पाहावा. ज्यांची जमीन वा मासेमारी जाते त्यांची संमति आधीं घ्यावी, आणि त्यांस एकदांच रक्कम हातावर न ठेवतां केंद्र चालेल तोंपर्यंत उत्पन्नांत वांटा द्यावा. या दोन अटी पुऱ्या झाल्या तर आम्ही विरोध करणार नाहीं. त्या पुऱ्या होत नसतील तर मुंबई-पुण्याच्या मंडळींनीं माडबनास राष्ट्रहिताचा उपदेश करूं नये. त्याचबरोबर विरोधकांसही आमचें विचारणें आहे. अणु नको म्हटल्यानें दिवा विझत नाहीं. तो जयगडच्या कोळशावर जळत राहतो. तो कोळसा कोणत्या वर्षीं बंद करावयाचा, आणि त्याच्या जागीं काय आणावयाचें, हें सांगितल्याखेरीज नुसता नकार पुरा होत नाहीं. त्या धुराखालींही कोणी तरी राहतेंच.

तात्पर्य, हीं तीन औषधें एकमेकांच्या वैरावर नाहींत. त्यांचा क्रम मात्र चुकतां कामा नये. आधीं ज्यांच्या घरीं भरपूर आहे त्यांनीं आपला वापर आंवरावा. मग धुरावर कर बसवून तो दर माणशीं परत वांटावा. आणि उरलेली गरज भागविण्यास सूर्य, वारा, पाणी किंवा अणु यांपैकीं काय घ्यावयाचें, हें दर उघड करून व तेथील लोकांस विचारून ठरवावें. पहिल्या पायरीस कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाहीं.

शास्त्रानें मनुष्याच्या माथीं तीन ऋणें सांगितलीं आहेत: देवांचें, ऋषींचें व पितरांचें. पितृऋणाची फेड पितरांकडे पाठवितां येत नाहीं. ती पुढच्या पिढीस देऊनच होते. चार्वाकाच्या नांवावर कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश खपविला जातो. पण त्या बिचाऱ्याचें कर्ज निदान त्याच्याच नांवावर असे. आपण आज काढतों तें नातवाच्या नांवावर काढतों, आणि त्याची सही घेत नाहीं.

म्हणून आमच्या वाचकांस एक लहानशी सूचना करतों. प्रत्येक घरांत दूध, किराणा आणि वर्तमानपत्र यांचा हिशेब लिहिण्याची वही असते. तिच्यांतच या महिन्यापासून तीन रकाने वाढवावे: विजेचीं युनिटें, गॅसच्या टाक्या, आणि पेट्रोलाचे लिटर. युनिटांस ०.७ नें, टाक्यांस ४२ नें आणि लिटरांस २.३ नें गुणून बेरीज करावी, म्हणजे घराचा महिन्याचा कर्बवायु किलोंत निघतो. हें काम घरांतील पांचवी-सहावींतल्या मुलाकडे द्यावें. त्याचा गुणाकारही पक्का होईल. वर्षानें बेरीज घटली कीं वाढली तें सर्वांसमक्ष वाचावें. घटविण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या योजनेखालीं छपरावर ३ किलोवॅटचा सौर संच बसविण्यास ७८,००० रुपयांपर्यंत सरकारी साहाय्य मिळतें, आणि परसांत दोन झाडें लावण्यास तर तेंही नको. मग पुढच्या सुटींत पंक्तीला वाद निघाला, तर तिन्ही पक्षांनीं आधीं आपापली वही पुढें ठेवावी आणि नंतर जैतापुराविषयीं बोलावें, एवढेंच आमचें मागणें आहे.